कोणाचे सहा?

वकिलीच्या धंद्यात न्यायापेक्षाही मुदतीचा दरारा मोठा आहे. पक्षकाराची बाजू निर्मळ असावी, साक्षीपुरावा भक्कम असावा, आणि एवढे सारे असूनही दावा एक दिवस उशिरा दाखल झाला म्हणून हातचा जावा, असे प्रसंग ह्या धंद्यात पाहावयास मिळतात. म्हणूनच काळाविषयी कायदा फार सावध असतो. मुदत मोजताना पहिला दिवस धरावयाचा नाही. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर ते उघडेल त्या दिवशी केलेले काम मुदतीतच झाले असे मानावयाचे. असे नियम १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात लिहून ठेवलेले आहेत. वरवर पाहता हे नियम क्षुल्लक वाटतात. परंतु त्यांच्यामागे एक मोठी समजूत आहे. 'दिवस' म्हणजे काय, 'वेळ' म्हणजे कोणती, हे उघड आहे असे आपण समजून चालतो. आणि तंटा निघाला म्हणजे कळते की दोघांना दोन वेगळ्या गोष्टी उघड दिसत होत्या.

१८५८ साली इंग्लंडातील डॉर्चेस्टर गावी असाच एक तंटा उपस्थित झाला. न्यायालय सकाळी दहाला बसावयाचे होते. न्यायालयातील घड्याळ रेल्वेने देशभर नेलेल्या ग्रीनिचच्या वेळेप्रमाणे चाले. त्या घड्याळात दहा वाजून गेले, प्रतिवादीच्या बाजूने कोणी उभे राहिले नाही, आणि न्यायाधीशांनी निकाल देऊन टाकला. इतक्यात प्रतिवादीचे वकील आत आले. गावाच्या घड्याळात अजून दहा व्हावयाचे होते, कारण गावाचे घड्याळ त्या गावाच्या सूर्याप्रमाणे चाले. 'कर्टिस विरुद्ध मार्च' ह्या नावाने हा खटला वरच्या न्यायालयापुढे गेला, आणि दहा म्हणजे त्या स्थळाचे दहा, असा निर्णय झाला. पुढे १८८० साली पार्लमेंटने कायदा करून ग्रीनिचची वेळ हीच कायद्याची वेळ ठरविली. तोपर्यंत एकाच गावात दोन खरी घड्याळे नांदत होती.

आपल्याकडेही ह्याहून निराळे घडले नाही. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईने आपली 'मुंबईची वेळ' सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे असे, आणि मुंबईत ती १९५५ पर्यंत टिकून राहिली. दुसऱ्या महायुद्धात सरकारने घड्याळे एक तास पुढे केली. सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानात ही युद्धकालीन वेळ सलग चालू होती. त्या तीन वर्षांत जन्मलेल्या माणसाची पत्रिका मांडताना जाणता जोशी जन्मवेळेतून आधी एक तास वजा करतो. अजाण जोशी ते करीत नाही. लग्नरास सुमारे दोन तासांनी पालटते. तेव्हा एका तासाच्या घोळाने किती पत्रिका परक्या झाल्या असतील आणि किती स्थळे उगाच नाकारली गेली असतील, ते एक देवच जाणे.

हे सारे आठवावयाचे कारण असे की, अंत्रुज महालातील एका देवस्थानाचे मुखत्यार काही दिवसांपूर्वी कागदांचे एक पुडके घेऊन मजकडे आले. बसता बसताच म्हणाले, "वकीलबाब, एका कंपनीला नोटीस द्यावयाची आहे."

"देऊ," मी म्हटले, "पण त्यांचा अपराध कोणता?"

"सहाच्या अभिषेकाची घंटा त्यांनी सातला वाजविली. आणखी कोणता अपराध हवा?"

हकीकत अशी होती. ह्या देवस्थानाने परदेशी राहणाऱ्या कुळावींसाठी घरबसल्या सेवा नोंदविण्याची सोय केली आहे. सेवेची वेळ झाली म्हणजे भक्ताच्या फोनवर घंटा वाजते आणि त्याला गाभाऱ्याचे दर्शन घडते. ह्याच गावची एक लेक पुष्कळ वर्षे लंडनला आहे. तिची आई गावी अंथरुणाला खिळलेली. लेकीने २०२३ च्या जूनमध्ये आईच्या नावाने दर सोमवारचा अभिषेक नोंदविला. गोव्यात सकाळचे सहा वाजत, तेव्हा लंडनला रात्रीचा दीड वाजलेला असे. ती बाई उठून, हातपाय धुऊन, दिवा लावून फोनपुढे बसे. पुरोहित आईचे नाव आणि गोत्र उच्चारीत, गाऱ्हाणे घालीत, आणि समुद्रापलीकडे ती हात जोडी. असे चार महिने बिनचूक चालले.

ऑक्टोबरच्या अखेरीस आईला थोडा उतार पडला. "ह्या सोमवारी मला देवळात न्या," असे तिने म्हटले. ३० ऑक्टोबरला तिला खुर्चीत बसवून सभामंडपात आणले. कितीतरी महिन्यांनी तिने देव पाहिला. अभिषेक झाला, तीर्थ झाले, प्रसाद झाला. तिची नजर अधूनमधून कॅमेऱ्याकडे जात होती, असे पुरोहितांनी मुखत्यारांस सांगितले. लंडनला घंटा वाजली तेव्हा गोव्यात सात वाजले होते. लेकीला रिकामा सभामंडप आणि फरशी पुसणारा गडी दिसला. चित्रण साठवून ठेवण्याची सोय तेव्हा नव्हती. मार्गशीर्षात आई गेली. देवळात तिचे ते शेवटचे येणे.

लेकीने कोणास दोष दिला नाही. तिच्या भावाने दिला. आणि मुखत्यार त्याच्या सांगण्यावरून आले होते.

मी कागद वाचले. कंपनीचे उत्तर थोडक्यात असे होते की, 'आमचे यंत्र सांगितल्याप्रमाणेच वागले. दर सोमवारी रात्री दीड ही वेळ नोंदलेली होती आणि दर सोमवारी रात्री दीड वाजताच घंटा वाजली.' हे उत्तर खोटे नव्हते. नोंद झाली त्या दिवशी यंत्राने गोव्याचे सहा म्हणजे लंडनचा दीड असे गणित केले, आणि ते गणित अचूक होते. परंतु त्यानंतर त्याने 'लंडनचा दीड' एवढेच जपून ठेवले आणि 'गोव्याचे सहा' हे मूळ वचन टाकून दिले. पुढे २९ ऑक्टोबरच्या पहाटे लंडनचे घड्याळ एक तास मागे गेले. गोव्याचे सहा आता लंडनच्या साडेबारावर पडू लागले. यंत्र मात्र दीडलाच चिकटून बसले.

घड्याळ मागेपुढे करण्याची ही चाल आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना मुलांच्या पत्रांतून आणि फोनवरून ठाऊक असेल. उत्तरेकडील देशांत उन्हाळ्यात पहाट फार लवकर होते आणि तो उजेड झोपेत वाया जातो. म्हणून उन्हाळ्यात घड्याळ पुढे ढकलावे, ही कल्पना १८९५ साली न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसन ह्यांनी मांडली. हडसन कीटकांचे अभ्यासक होते, आणि कामावरून सुटल्यावर कीटक गोळा करावयास त्यांना उजेड हवा होता. १९०७ साली इंग्लंडात विल्यम विलेट ह्यांनी हीच गोष्ट पुस्तिका छापून सांगितली. लोकांनी त्यांची थट्टा केली. पण युद्धाने कोळसा महाग केला, आणि १९१६ च्या ३० एप्रिलला जर्मनीने व २१ मेला ब्रिटनने ती अमलात आणली. आज ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते. अमेरिकेत २००७ पासून मार्चचा दुसरा व नोव्हेंबरचा पहिला रविवार त्यासाठी ठरलेला आहे. तरी ॲरिझोनाचा बहुतेक भाग आणि हवाई हे ह्या भानगडीत पडत नाहीत. आपण तर मुळीच पडत नाही. म्हणून गोव्यातील सकाळचे सहा न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेआठ असतात आणि हिवाळ्यात साडेसात.

एवढेच असते तर गोष्ट एका तासाच्या बेरीज-वजाबाकीची होती. खरी अडचण बदलाच्या दिवशी येते. लंडनला मार्चमधील त्या रविवारी रात्रीचा एक वाजला की पुढच्याच क्षणी दोन होतात. त्या रात्री दीड वाजतच नाही. ऑक्टोबरमधील त्या रविवारी दोन व्हावयाच्या वेळी पुन्हा एक होतो. त्या रात्री दीड दोनदा वाजतो. कोणी भक्ताने रोजची आरती 'रात्री दीड' म्हणून नोंदविली असेल, तर यंत्राने ऑक्टोबरमध्ये कोणता दीड धरावा? आणि मार्चमध्ये, वाजतच नाही त्या दीडचे काय करावे? घंटा मुळीच वाजवू नये, की आधी वाजवावी, की नंतर? शिवाय 'एक दिवस म्हणजे चोवीस तास' असे गृहीत धरून ज्याने यंत्राला शिकविले, त्याचे गणित त्या दोन्ही दिवशी चुकते, कारण त्यांतला एक दिवस तेवीस तासांचा असतो आणि दुसरा पंचवीस तासांचा. संगणकाच्या धंद्यातील मंडळी ह्याला मोठे संकट मानतात, आणि ते योग्यच आहे.

परंतु पंचांग पाळणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ह्यात अपूर्व असे काय आहे? जी तिथी दोन सूर्योदयांना असते ती वृद्धी तिथी. जी एकाही सूर्योदयाला लाभत नाही ती क्षय तिथी. दोनदा वाजणारा दीड आणि न वाजणारा दीड ही त्यांचीच धाकटी भावंडे होत. महिन्याच्या बाबतीत अधिकमास आणि क्षयमास आहेतच. पश्चिमेकडेही अवघा दिवस लुप्त झाल्याचे उदाहरण आहे: सामोआ बेटांनी २०११ साली आपला वार आशियाच्या बाजूच्या वारांशी जुळवून घेण्यासाठी ३० डिसेंबर हा दिवसच गाळला. तेथे गुरुवारनंतर एकदम शनिवार उजाडला.

मग आपल्या पूर्वजांनी ह्या संकटाचे काय केले? त्यांनी अशी स्थिती येणार हे आधीच ओळखून निर्णय लिहून ठेवले. १६१२ साली कमलाकर भट्टांनी 'निर्णयसिंधु' रचला. १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 'धर्मसिंधु' रचला. ह्या ग्रंथांचा मोठा भाग एकाच प्रश्नाला वाहिलेला आहे: तिथी दोन दिवसांत विभागली तर कृत्य कोणत्या दिवशी करावे? उत्तर सरसकट नाही, आणि त्यातच त्यांची बुद्धी दिसते. गणेशचतुर्थी माध्यान्ही असलेली घ्यावी, महाशिवरात्र निशीथकाळी असलेली घ्यावी. एकादशीच्या बाबतीत स्मार्त आणि भागवत ह्यांचे नियम वेगळे, आणि दोन्ही मान्य. म्हणजे आधी कृत्याचे स्वरूप पाहावयाचे, ते कोणत्या काळाशी बांधलेले आहे हे ओळखावयाचे, आणि मग दिवस ठरवावयाचा.

संगणकाच्या वेळापत्रकाला हाच धडा लागू पडतो, असे कागद वाचता वाचता माझ्या ध्यानी आले. वेळा तीन जातींच्या असतात. पहिली, घडून गेलेल्या गोष्टीची. दक्षिणा किती वाजता जमा झाली, ही नोंद जगाच्या एकाच समान घड्याळाने, ज्याला यूटीसी म्हणतात त्याने, ठेवावी. ती पुढे कधी बदलत नाही. दुसरी, अंतराची. वैद्याने दर आठ तासांनी औषध सांगितले, तर घड्याळ मागे गेले म्हणून ते नऊ तासांनी घ्यावयाचे नाही. तेथे तासच मोजावयाचे. तिसरी, पुढे करावयाच्या आणि एखाद्या स्थळाशी बांधलेल्या कृत्याची. अभिषेक, आरती, पालखी, न्यायालयाची तारीख ह्या सर्व ह्या जातीच्या. तेथे स्थळ आणि त्या स्थळाचे घड्याळ ही दोन्ही लिहून ठेवावीत, आणि दुसऱ्या गावची वेळ ऐन वेळी काढावी, आधी काढून साठवू नये.

आधी का काढू नये, ह्याचे उत्तर लेबनॉनने २०२३ च्या मार्चमध्ये दिले. घड्याळ पुढे करावयास दोन-तीन दिवस उरले असता तेथील सरकारने रमजानचे कारण देऊन तो बदल लांबणीवर टाकला. मॅरोनाइट ख्रिस्ती धर्मपीठाने तो हुकूम मानला नाही. एका चिमुकल्या देशात काही दिवस दोन वेळा चालल्या, आणि अखेर सरकारने माघार घेतली. ज्यांच्या यंत्रांनी पुढील भेटीगाठींची गणिते आधीच करून ठेवली होती, त्यांची गणिते नियमाबरोबर कोसळली. सूर्योदयाचे गणित शेकडो वर्षे पुढचे करता येते; सरकारी हुकुमाचे करता येत नाही.

हे हुकूम कोठे कोठे निघाले आणि कधी फिरले, ह्याची एक जगव्यापी वही आहे. अमेरिकेतील आर्थर डेव्हिड ओल्सन ह्यांनी १९८० च्या दशकात ती सुरू केली, आणि पॉल एगर्ट ह्यांनी पुढे ती सांभाळली. जगातील असंख्य संगणक आणि फोन तिच्यावरच चालतात. आपल्या देशाची नोंद तीत कोलकात्याच्या नावाने आहे. गोव्याचे सहा यंत्राला 'आशिया, कोलकाता' असे सांगावे लागतात. त्या नोंदीत आपली युद्धकालीन वेळही सापडते. वकिलाला मौज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. २०११ साली ॲस्ट्रोलेब नावाच्या, ज्योतिषाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने ह्या दोघांवर दावा लावला. वहीतील जुन्या वेळांची माहिती ज्या ग्रंथातून घेतली त्याचे हक्क आमचे, असे तिचे म्हणणे. काही दिवस ती वही बंदच पडली. मग आयकॅन ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिला आश्रय दिला. २०१२ च्या फेब्रुवारीत कंपनीने दावा मागे घेतला आणि क्षमाही मागितली. लंडनमध्ये कोणत्या साली घड्याळ कधी पुढे गेले, ही घडलेली गोष्ट आहे. आणि घडलेल्या गोष्टीवर कोणाची मालकी नसते, हे अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच 'फाइस्ट' खटल्यात स्पष्ट केले होते. तरीही पत्रिका मांडणाऱ्यांनीच काळाच्या वहीवर हक्क सांगावा, ह्याला योगायोग म्हणावे की ग्रहयोग, ते वाचकांनी ठरवावे.

आता आमच्या तंट्याकडे वळतो. करारात 'निवडलेल्या वेळी' एवढेच शब्द होते. कोणत्या स्थळाच्या, ते नव्हते. करारविषयक कायद्याच्या ४७ व्या कलमात, वचन ठरल्या दिवशी पुरे करावयाचे असेल तर ते पुरे करावयाच्या स्थळाचे कामकाजाचे तास पाहावेत, असे तत्त्व आहे. अभिषेक गोव्यात होतो, म्हणून घड्याळ गोव्याचे, असा युक्तिवाद मी सहज केला असता, आणि तो टिकला असता असे मला वाटते. परंतु निकालाने मिळणार काय होते? आईची ती नजर कोणत्याही हुकूमनाम्यात लिहून मिळत नाही. मुखत्यारांस मी तसे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ह्या बाईचे गेले ते गेले. दुसरीचे जाऊ नये, असे काहीतरी लिहून द्या."

ते लिहू लागलो तेव्हा जाणवले की उत्तर त्या अभिषेकातच पडलेले आहे. कोणत्याही पूजेच्या आरंभी पुरोहित संकल्प सोडतो, आणि संकल्पाच्या आरंभी देशकालोच्चार करतो. आपण तो लहानपणापासून ऐकतो, आणि तो लवकर संपावा म्हणून वाट पाहतो. पण त्याची रचना पाहावी. कल्प, मन्वंतर, युग ह्यांच्या उच्चारानंतर द्वीप, वर्ष, प्रदेश, नदीचा तीर. त्यानंतर शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. देश आधी, संवत्सर-तिथी-वार मागाहून. आपण कोठे उभे आहोत हे सांगितल्याखेरीज आता किती वाजले हे सांगण्याला अर्थ नाही, ही गोष्ट त्या विधीत किती शतकांपासून बसलेली आहे! यंत्राने 'सोमवारी दीड' असे म्हटले. पुरोहिताने तसे कधी म्हटले नसते.

परदेशी वसलेल्या मंडळींना हे घरी पाळावयाच्या व्रतांच्या बाबतीतही उपयोगी पडेल. तिथी संपण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो, पण सूर्योदय गावोगावचा वेगळा. म्हणून गोव्याची एकादशी आणि न्यू जर्सीची एकादशी कधी कधी वेगळ्या वारी येते, आणि दोन्ही शास्त्रशुद्ध असतात. गावाहून आणलेल्या पंचांगातील राहुकाळाचे तास तेथल्या भिंतीवरच्या घड्याळाला लावणे मात्र चुकीचे. तेथील सूर्योदय-सूर्यास्त घ्यावा, आणि छापलेल्या वेळेत उन्हाळी तास धरला आहे की नाही हे पाहावे.

देवस्थानाच्या नव्या नियमांत मी तीन वाक्ये घातली. 'सेवेची वेळ म्हणजे देवालयाच्या स्थळाची, भारतीय प्रमाणवेळेप्रमाणेची वेळ. भक्ताच्या स्थळाची वेळ प्रत्येक सेवेच्या दिवशी नव्याने काढून कळविण्याची जबाबदारी व्यवस्था पुरविणाऱ्याची राहील. भक्ताच्या स्थळाचे घड्याळ बदलणार असेल त्या आठवड्यात त्याला तीन दिवस आधी स्वतंत्र सूचना द्यावी.' महाजनांच्या सभेत ती संमत झाली. कंपनीने खळखळ न करता यंत्रात फेरबदल केला. नोटीस गेली असती तर तिने आपला वकील शोधला असता. चित्रण आठ दिवस राखून ठेवण्याचा ठराव एका वृद्ध महाजनांनी आपणहून मांडला, आणि त्याला कोणीही विरोध केला नाही.

ज्या देवस्थानांनी अशा सोयी केल्या आहेत त्यांनी आपल्या पावतीवर वेळेपुढे स्थळ छापले आहे की नाही, एवढे एकदा पाहावे. मार्चचा व ऑक्टोबरचा शेवटचा रविवार दर वर्षी येणारच. त्याच्या आदल्या आठवड्यात कोणी जाणत्या माणसाने लंडनला, आणि अमेरिकेतील बदलाच्या वेळी न्यू जर्सीला, एक फोन करून घंटा केव्हा वाजणार हे विचारून घेतले, तर त्यात पाच मिनिटांहून अधिक वेळ जाणार नाही.